चिठ्ठीतला शून्य कुठे गळाला?

दिवाळीनंतर वर्धा जिल्ह्यात फिरलात, तर हिंगणघाट, देवळी, आर्वीच्या वाटेवर कापसाने भरलेल्या गाड्या दिसतील. गाडी काट्यावर चढते, वजन संगणकात नोंदले जाते आणि शेजारचा प्रिंटर करकर आवाज करीत चिठ्ठी छापतो. त्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचा हिशेब होतो.

आता समजा, एका काट्यावर १२४० किलोऐवजी चिठ्ठीत १२४ किलो छापून आले! एक शून्य गळाला आणि दहातले नऊ भाग कापूस कागदावरून नाहीसा झाला. काटेवाला म्हणतो, "सकाळी ठीक चालतो, दुपारी गर्दी झाली की बिघडतो." प्रिंटरला दोष देण्याआधी दुखणे नेमके कुठे आहे, ते शोधू या.

आकड्याचा प्रवास असा: डेटाबेसमधली नोंद, तिच्यावरून लिनक्सने तयार केलेला छपाईचा मजकूर, मग तार आणि शेवटी प्रिंटर. (लिनक्स म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्सने ती १९९१ मध्ये सुरू केली.) पडद्यावर नोंद पाहिली, १२४० बरोबर आहे. छपाईचा मजकूर कागदाऐवजी फाइलमध्ये उतरवून पाहिला, तोही बरोबर. म्हणजे दोष पुढे, तारेत किंवा प्रिंटरमध्ये आहे. दोनच तपासण्यांत निम्मी वाट निर्दोष ठरली!

हा प्रिंटर 'सीरियल' आहे. अरुंद बोळातून बैल एकामागून एक जावेत, तसे तारेतून बिट जातात. अक्षराचे ८ बिट, आरंभाचा १ आणि शेवटचा १ असे १० बिट मिळून एक अक्षर होते. वेग सेकंदाला ९६०० बिट असेल, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात.

आता लक्षणे पाहा. दोन्हीकडचे वेग वेगळे लावलेले असते, तर पहिल्या अक्षरापासूनच भलतीच चिन्हे उमटली असती. तार सैल असती, तर एकटी चिठ्ठीही अधूनमधून बिघडली असती. इथे एकच चिठ्ठी काढली तर ती दरवेळी स्वच्छ येते. दहा चिठ्ठ्या लागोपाठ काढल्या की मात्र पुढच्या चिठ्ठ्यांत कुठे आकडा, तर कुठे अख्खी ओळ गळते. का बरे?

समजा, प्रिंटर सेकंदाला २०० अक्षरे छापतो. येतात ९६०. उरलेली ७६० त्याच्या स्मृतीत, म्हणजे 'बफर'मध्ये साठतात. बफर २०४८ अक्षरांचा असेल, तर तो २०४८ ÷ ७६०, म्हणजे सुमारे २.७ सेकंदांत भरतो. त्यानंतर येणाऱ्या अक्षरांना जागाच नाही! जिनिंगच्या यंत्रात कापूस टाकणारा यंत्राच्या वेगाकडे न पाहता टाकत राहिला, तर कापूस खाली सांडणारच.

हा तर्क झाला, आता पुरावा. बाकी काही न बदलता दोन्हीकडचा वेग १२०० बिटांवर आणा. आता सेकंदाला १२० अक्षरे येतात, छापली जाऊ शकतात २००. दहाही चिठ्ठ्या पूर्ण आल्या, तर चोर सापडला.

पण वेग कमी करणे हा तात्पुरता उतारा. खरा उपाय म्हणजे प्रिंटरला "थांब" म्हणता आले पाहिजे आणि संगणकाला ते ऐकू आले पाहिजे. याचे दोन मार्ग आहेत. एकात बफर भरत आला की प्रिंटर १९ क्रमांकाचा संकेत परत पाठवतो आणि जागा झाली की १७ क्रमांकाचा. दुसऱ्यात त्यासाठी स्वतंत्र तार असते. लिनक्समध्ये 'एसटीटीवाय' या आज्ञेने मार्ग निवडता येतो. दोन्हीकडे एकच मार्ग हवा, आणि तो स्वतंत्र तारेचा असेल, तर ती तार खरोखर जोडलेली हवी. नाहीतर प्रिंटर ओरडत राहील आणि संगणक ऐकणार नाही.

हे घरी करून पाहा. मित्राला भराभर पन्नास आकडे वाचायला सांगा आणि तुम्ही लिहा. किती गळले ते मोजा. मग "थांब" आणि "चल" म्हणायची मुभा घेऊन पुन्हा लिहा.

जाता जाता एक गणित: बफर ४०९६ अक्षरांचा असता, तर तो किती सेकंदांत भरला असता? आणि मोठ्या बफरने दोष गेला असता, की नुसता लांबला असता?