समुद्रातली पेरणी आणि आपली ‘कंट्रोल सिस्टिम’

मराठी विभागात कविता भरपूर येतात आणि ‘हॉस्टेलची पहिली रात्र’ तर दरवर्षी न चुकता येते. म्हणून संपादक मंडळाने जेव्हा “काहीतरी माहितीपर दे” असं सांगितलं, तेव्हा मी गवतावर लिहायचं ठरवलं. हसू नका! हे कॉलेजच्या लॉनवरचं गवत नव्हे. हे आहे समुद्राच्या पाण्याखाली वाढणारं आणि खाडीच्या काठाला भरतीचं पाणी पिऊन जगणारं गवत. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शास्त्रातले बरेच मराठी शब्द मला उशिरा भेटले. जिथे इंग्रजी शब्दच सोपा वाटला तिथे तो तसाच ठेवला आहे, सांभाळून घ्या.

आधी ओळख करून घेऊ

समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे, हे पहिलं लक्षात ठेवा. शेवाळाला खरी मुळं नसतात, फुलं नसतात. समुद्री गवताला मुळं, पानं, फुलं आणि बिया सगळं असतं. जमिनीवरच्या वनस्पतींचेच हे वंशज, फार पूर्वी परत समुद्रात गेलेले. जगात याच्या सत्तरच्या आसपास जाती आहेत. उथळ पाण्यात याची कुरणं तयार होतात. त्यात माशांची पिल्लं, खेकडे, शिंपले लपतात आणि वाढतात.

दुसरं गवत म्हणजे खाऱ्या दलदलीचं. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात ज्याला खाजण म्हणतात, त्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं. थंड हवेच्या देशांत तिवराची झाडं टिकत नाहीत, म्हणून तिथे या पट्ट्यात मैलोनमैल गवतच असतं.

साठ वर्षांचा ‘ऑफ’

आता खरी गोष्ट. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात अटलांटिक किनाऱ्यालगत उथळ खाड्यांची एक रांग आहे. तिथे ‘ईलग्रास’ नावाचं समुद्री गवत होतं. शास्त्रीय नाव झोस्टेरा मरीना. त्या गवतात ‘बे स्कॅलप’ नावाचे शिंपले वाढायचे आणि त्यांवर कित्येक घरांची चूल पेटायची.

१९३० च्या सुमारास उत्तर अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना या गवतावर एक रोग आला. लॅबिरिंथुला नावाच्या सूक्ष्म जीवाचा हा रोग. काही वर्षांतच अटलांटिकमधलं नव्वद टक्क्यांहून जास्त ईलग्रास गेलं. व्हर्जिनियात जे थोडंफार उरलं होतं, ते ऑगस्ट १९३३ च्या चक्रीवादळाने संपवलं. शिंपले गेले, त्यांचा धंदा बसला. हे गवत खाऊन जगणारे ‘ब्रँट’ जातीचे हंस कमी झाले. लोटिया अल्व्हियस नावाची एक छोटी समुद्री गोगलगाय फक्त याच गवताच्या पानांवर राहायची. ती अटलांटिकमधून कायमची नाहीशी झाली. गंमत (खरं तर शोकांतिका) अशी की, कमी खारट पाण्यात तो रोग फारसा चालत नाही, त्यामुळे नद्यांच्या मुखाशी थोडं गवत वाचलं होतं. पण गोगलगाईला कमी खारट पाणी सोसत नव्हतं. घर वाचलं, पण तिला जाता येणार नाही अशा ठिकाणी! आणि ती गेली, हे शास्त्रज्ञांनी जगाला सांगितलं १९९१ साली. तोपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढे रोग ओसरला. दुसऱ्या काही ठिकाणी गवत परत आलं. पण व्हर्जिनियाच्या या खाड्यांमध्ये साठ वर्षं काहीच आलं नाही. का?

फीडबॅक म्हणजे काय रे भाऊ?

इथे आपला सिलॅबस कामाला येतो. समुद्री गवताला उजेड फार लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या साधारण दहा ते वीस टक्के तरी तळाशी पोचावा लागतो. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं एक टक्क्यावरही भागतं. म्हणजे पाणी जरा गढूळ झालं की पहिला बळी गवताचा.

आता ब्लॉक डायग्रॅम डोळ्यांसमोर आणा. गवत आहे, तर लाटांचा आणि प्रवाहाचा जोर तळाशी कमी होतो. जोर कमी झाला की गाळ खाली बसतो. गाळ बसला की पाणी नितळ होतं. पाणी नितळ झालं की उजेड वाढतो आणि उजेड वाढला की गवत वाढतं. लूप पूर्ण! हा झाला पॉझिटिव्ह फीडबॅक. आता गवत काढून टाका. तोच लूप उलटा फिरतो : लाटा तळ ढवळतात, पाणी गढूळ होतं, उजेड जात नाही, नवीन रोप जगत नाही.

म्हणजे एकाच खाडीच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात, एक हिरवी आणि एक चिखलाची. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना श्मिट ट्रिगर आठवला असेल. ‘ऑफ’ व्हायचं व्होल्टेज वेगळं आणि परत ‘ऑन’ व्हायचं वेगळं. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत येता येत नाही. यालाच आपण हिस्टेरिसिस म्हणतो आणि परीक्षेत पाच मार्कांना आकृती काढून मोकळे होतो.

फॉल्ट नक्की कुठे?

पण डायग्रॅम सुंदर आहे म्हणून निदान बरोबर आहे असं होत नाही. प्रॅक्टिकलला सर्किट चाललं नाही तर सर काय विचारतात? “सप्लाय तपासला का?” तसंच इथे झालं. गवत परत येत नाही, याला दोन कारणं असू शकत होती. एक, पाणीच खराब आहे. दोन, पाणी ठीक आहे पण बीच नाही.

१९९० च्या दशकाच्या शेवटी साऊथ बे नावाच्या खाडीत गवताचा एक छोटासा पट्टा आपोआप उगवलेला दिसला. तो जगत होता, अर्थात पाणी ठीक होतं! ईलग्रासचं बी पाण्यात पटकन बुडतं आणि बहुतेक बिया आईच्या झाडापासून काही मीटरच्या आतच पडतात. बियांसकट तुटलेली फांदी तरंगत आली तरच लांबचा प्रवास. जवळपास झाडच उरलं नव्हतं, मग बी येणार कुठून?

व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सचे रॉबर्ट ऑर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग सरळ शेती सुरू केली. वसंतात बियांनी लगडलेल्या फांद्या गोळा करायच्या, समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांत ठेवून बी सुटू द्यायचं, आणि शरद ऋतूत होडीतून पेरायचं. आपल्याकडे मुठीने भात फोकतात ना, जवळजवळ तसंच. वीस वर्षांत त्यांनी ७ कोटींहून जास्त बिया २१३ हेक्टरवर पेरल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाप्रमाणे ते गवत पसरून ३,६१२ हेक्टर झालं होतं. म्हणजे पेरलं त्याच्या जवळजवळ सतरापट! उरलेलं काम फीडबॅकने केलं. पाणी नितळ झालं, मासे वाढले आणि शिंपले पुन्हा सोडता आले.

मात्र मर्यादाही सांगायला हवी. साधारण दीड मीटरपर्यंत खोलीत हे जमलं. त्याच्या थोडं खाली अशी एक पट्टी आहे, जिथे आधीपासून असलेलं गवत टिकेल, पण नव्याने लावलेलं जगणार नाही. त्याहून खोल काहीच नाही. आणि २०१५ साली पाणी फार तापलं तेव्हा साऊथ बेमधलं बरंच गवत मेलं. पुढच्या काही वर्षांत ते सावरलं, पण समुद्राचं तापमान हा इनपुट काही होडीतल्या माणसाच्या हातात नाही.

खत घातलं आणि जमीन कोसळली

आता खाऱ्या दलदलीचा एक प्रयोग. मॅसॅच्युसेट्समध्ये प्लम आयलंड नावाची जागा आहे. शेतातलं खत आणि शहराचं सांडपाणी खाडीत आल्यावर काय होतं, हे पाहायला लिंडा डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या अख्ख्या ओहोळांमध्ये भरतीच्या पाण्याबरोबर नायट्रेट सोडलं. एकदोन दिवस नाही, नऊ वर्षं! सुरुवातीला गवत मस्त वाढलं. कोणीही म्हणालं असतं, वा! पण जमिनीखाली वेगळंच चाललं होतं. फुकट जेवण मिळाल्यावर गवताने मुळं कमी केली (मेसचं जेवण तितकं चांगलं असतं तर आपणही बाहेर कशाला गेलो असतो?). चिखलातला कुजण्याचा वेग वाढला. काठाला तडे गेले आणि शेवटी काठ ढासळून ओहोळात पडले. २०१२ साली हे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आले.

यातून मी एक गोष्ट वहीत लिहून ठेवली आहे : आउटपुट वाढतंय म्हणजे सिस्टिम ठीक आहे असं नाही. फाउंडेशन बघा.

सिव्हिलवाल्यांसाठी खास

तुम्ही म्हणाल, गवत लाटा अडवतं हे ठीक, पण वादळात? हा प्रश्न जर्मनीत हॅनोव्हरला विचारला गेला. तिथे सुमारे ३०० मीटर लांबीचा लाटा तयार करणारा फ्लूम आहे. केंब्रिजच्या इरिस म्यॉलर आणि त्यांच्या गटाने खऱ्या दलदलीचे गवतासकट कापलेले तुकडे त्यात बसवले आणि वादळासारख्या उंच पाण्यात लाटा सोडल्या. २०१४ च्या त्यांच्या निबंधाप्रमाणे, जेवढी लाट कमी झाली त्यातला ६० टक्क्यांपर्यंत वाटा एकट्या गवताचा होता. गवत आडवं झालं, मोडलं, पण खालची माती धुपली नाही.

माझं आजोळ कोकणात, किनाऱ्यालगत. तिथे धूपप्रतिबंधक बंधारा आहे आणि तो हवाच होता, घरं अगदी जवळ आहेत. मी भिंतींच्या विरुद्ध नाही. माझा मुद्दा क्रमाचा आहे. दगड आज टाकला नाही तर पुढच्या वर्षी टाकता येतो. खाजण भरून टाकलं, किंवा चिखल ढवळून गवताचा उजेड घालवला, तर पुढच्या वर्षी ते मागे घेता येत नाही. वर सांगितलंच, परतीची वाट वेगळी आहे आणि ती साठ वर्षांचीही असू शकते. गोव्यात खाजणाचे बांध आणि ‘मानस’, म्हणजे पाण्याची दारं, शतकानुशतकं सांभाळणाऱ्या लोकांना हे बहुधा आपल्याआधी कळलं होतं.

कायद्यालाही हे मान्य आहे. २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत समुद्री गवत आणि खारी दलदल दोन्ही सर्वांत संवेदनशील वर्गात आहेत. तमिळनाडूने २०२२ साली पाल्क उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं, ते समुद्री गवतावर जगणाऱ्या डुगाँगसाठी. पण नकाशावर खाजणाची जागा बरेचदा नुसती ‘पडीक’ दिसते, आणि तो नकाशा उद्या आपल्यातल्याच कोणाच्या तरी टेबलावर येणार आहे. आपल्या बॅचचे काही जण बंदरं बांधतील, काही रस्ते, काही जण त्यांची सेन्सर सिस्टिम बसवतील.

तेव्हा एवढंच करा. साइटवर गेल्यावर भरतीच्या वेळेबरोबर ओहोटीचीही वेळ विचारा. पाणी उतरलं की खाली उतरून बघा, तिथे काय उगवलंय. आणि ते काय आहे हे कळेपर्यंत ड्रॉइंगवर ‘रिकामी जागा’ असं लिहू नका.

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन