गोळी सुटते कशी

मी पोटुशी होते म्हणून सरकारी दवाखान्यात माझी एचआयव्हीची तपासणी झाली. माझी पॉझिटिव्ह आली म्हणून यांची केली. बऱ्याच बायका अशाच, काही दुखत-खुपत नसताना, गरोदरपणात सापडतात. पुरुषाला तपासणीपर्यंत नेणारं असं काही नसतं. टीबी झाला, वजन उतरलं, की मग तो येतो. यांना माझ्यामुळे वेळेत कळलं, औषधही लगेच सुरू झालं. तरी ते गेले आणि मी आहे.

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, दोघांनाही गोळ्या फुकट मिळायच्या. बाळ तान्हं म्हणून मी गावात राहिले, हे बीडहून ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले. फडावर टोळीतल्या माणसांसमोर डबी काढायची लाज. त्यात वजन वाढलेलं, अंगात जोर आलेला. ‘मला काय झालंय आता?’ म्हणत गोळी सुटली. औषध थांबलं की विषाणू परत वाढतो, कधी त्याच औषधाला दाद देत नाही. पट्टा पडल्यावर, तोडीचा हंगाम संपल्यावर, हे खोकत घरी आले, ते पुन्हा उभे राहिलेच नाहीत.

माझी गोळी सुटायची वेळ आली ती बाळंतपणानंतर. पोटात बाळ होतं तोवर सासूबाई स्वतः आठवण करायच्या. बाळ निगेटिव्ह निघालं आणि माझ्या गोळीची फिकीर संपली. केंद्रात जायला भाडं मागायचं कुणाकडे, शेजारणीला काय सांगायचं? केंद्रातल्या समुपदेशक ताई फोन करत राहिल्या, म्हणून मी टिकले.

भावांनो, तोडीला किंवा ट्रकवर जाण्याआधी केंद्रात सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या, नाहीतर जिथे जाताय तिथल्या केंद्रात नाव हलवून घ्या. प्यायलात तरी त्या रात्रीची गोळी चुकवू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच. टीबीची औषधं सुरू झाली तर एआरटीच्या डॉक्टरांना लगेच सांगा, डोस बदलावा लागतो.

बायांनो, अंगावर पाजत असाल तर गोळी सोडूच नका, दुधातून बाळाला लागण होऊ शकते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी एआरटीच्या गोळीसोबत घेऊ नका, किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या. 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. संजय गांधी निराधार योजनेत आपला आजार बसतो, तहसीलमध्ये अर्ज करा. कुणी तुमचा आजार चारचौघांत फोडला किंवा त्यावरून कामावरून काढलं, तर 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा तुमच्या बाजूने आहे.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू किती ते, वेळेवर तपासून घ्या. तो सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गोळी सुटली असेल तर लाजू नका, आजच केंद्रात जा. जाता येत नसेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, तो फुकट लागतो.