वारली चित्रामागील चित्रकार

पालघर, बोईसर, डहाणू या भागात शाळेच्या वा पंचायत कार्यालयाच्या भिंतीवर तारपा वाजविणारा वादक आणि त्याच्या भोवती फेर धरून नाचणारी माणसे रंगविलेली दिसतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस तयार होतो, हे आता विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. मात्र या सोप्या दिसणाऱ्या आकृतीमागे दीर्घ अभ्यास आहे आणि अभ्यासामागे माणसे आहेत, याचा विसर पडू नये.

सवाशिणींची शाळा

ही कला मूळची स्त्रियांची. विवाहप्रसंगी घरातील भिंत शेणमातीने सारवून, तीवर गेरूचा हात देऊन सवाशिणी ‘चौक’ लिहितात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि बांबूची, टोक चावून मऊ केलेली काडी एवढीच त्यांची सामग्री. चौकात पालघट देवीची स्थापना होते. धवलेरी विवाहाची गाणी गाते. येथे वेगळा वर्ग नाही की पाठ्यपुस्तक नाही. वडीलधाऱ्या स्त्रियांच्या शेजारी बसून, प्रथम कडेची नक्षी भरत मुली हात बसवीत. शेतीचा हंगाम, पशुपक्षी आणि देवदेवता यांचे ज्ञानही त्याच वेळी मिळे. अशा असंख्य शिक्षिकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

जिव्या सोमा म्हसे

तारापूर अणुवीज केंद्रातून १९६९ साली वीजनिर्मिती सुरू झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, तेथून फार दूर नसलेल्या डहाणू तालुक्यातील गंजाड येथे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांची जिव्या सोमा म्हसे यांच्याशी भेट झाली. म्हसे यांचा जन्म १९३४ चा. बालपणी मातृवियोगाचा आघात झाल्यावर त्यांचे बोलणे जवळजवळ थांबले होते आणि धुळीत चित्रे रेखाटून ते आपले मनोगत व्यक्त करीत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुढे ते विधीचा प्रसंग नसतानाही नित्य चित्रे काढू लागले. बारीक रेषांनी भरलेले मासेमारीचे जाळे, शेतीची कामे, मुंग्यांची वारुळे हे त्यांचे विषय होत. त्यांच्या जाळ्याच्या चित्रातील अखंड हालचाल पाहताना या पूर्वायुष्याचे स्मरण ठेवले, तर चित्र अधिक उलगडते. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. १९८९ च्या पॅरिस येथील जागतिक कलाप्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. सदाशिव व बाळू हे त्यांचे पुत्रही चित्रकार झाले. कागद-कापडावर आलेल्या या कलेने पुरुषांना नाव दिले; चौक लिहिणाऱ्या स्त्रिया मात्र बहुधा अनामिक राहिल्या.

शाळा व पंचायतींचे कार्य

२०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन लाभले. त्यामुळे कलेच्या नावाला संरक्षण मिळते. परंतु एखाद्या भिंतीवरील चित्र कोणाच्या हातचे, हे मानांकन सांगत नाही. ते काम स्थानिक संस्थांनीच करावयाचे आहे. भिंत रंगविण्याचे काम गावातील जाणत्या कलावंतास योग्य मोबदला देऊन सोपवावे आणि चित्राखाली त्याचे वा तिचे नाव व गाव लिहावे. शिक्षकांनी नमुना गिरवून घेण्यापूर्वी पाड्यावरील एखाद्या वृद्ध सवाशिणीस सन्मानाने शाळेत बोलवावे, तिच्याकडून चौकाचा अर्थ समजून घ्यावा व तिच्या संमतीने तो वहीत नोंदवावा. तिच्या हयातीत झालेली ही नोंद पुढील पिढीसाठी पाठ्यपुस्तकाइतकीच मोलाची ठरेल.