तंबाखूची चिमूट आणि निकोटिनचा हिशेब

कोलकाता शहराच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर गार्डन रीच हा भाग वसलेला आहे. नागपूर व कोलकाता यांना जोडणाऱ्या जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्य कार्यालय येथे होते. आता दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय येथे आहे. जवळच जहाजबांधणीचा कारखाना आहे, गोदी आहे, आणि मटियाबुर्ज येथे शिवणकाम करणाऱ्यांची दाट वस्ती आहे. जेथे आगीच्या भीतीने विडी पेटवता येत नाही, अथवा दोन्ही हात कामात गुंतलेले असतात, तेथे तोंडात धरावयाची तंबाखू माणसास सोयीची वाटते. तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन अंगठ्याने मळावयाचे, थाप मारून धूळ उडवावयाची, आणि चिमूट खालच्या ओठामागे ठेवावयाची, ही कृती महाराष्ट्रातील वाचकासही परिचित आहे. बंगाल-बिहारकडे तिला खैनी म्हणतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण पश्चिम बंगालमध्ये शेकडा सुमारे २० आणि महाराष्ट्रात शेकडा सुमारे २४ आढळले.

ही सवय सोडू इच्छिणाऱ्या कामगारास डॉक्टर कधी कधी निकोटिनयुक्त गम सुचवतात. तेव्हा त्याच्या मनात शंका उभी राहते: निकोटिन हेच विष असेल, तर निकोटिन चघळूनच सुटका कशी व्हावी? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर न मिळाल्यास पुष्कळ जण पुन्हा चुन्याच्या डबीकडे वळतात.

चुना कशासाठी?

निकोटिन हे तंबाखूच्या पानात असणारे द्रव्य १८२८ मध्ये जर्मनीत प्रथम वेगळे करण्यात आले. आम्ल द्रवात त्याचे कण विद्युत्भारित असतात व तोंडाच्या नाजूक त्वचेतून सहज पार होत नाहीत. चुना अल्कधर्मी असतो. त्याच्या योगाने निकोटिन मोकळे होते आणि गालातून व ओठातून रक्तात उतरते. तेथून ते मेंदूत पोहोचते व क्षणभर तरतरी आणि समाधान देणारी रसायने स्रवू लागतात. सुमारे दोन तासांत रक्तातील निकोटिन निम्मे होते. मग चित्त अस्वस्थ होते आणि हात पुन्हा डबीकडे जातो. माणसास वाटते की तंबाखूमुळे शीण गेला. वस्तुतः पुष्कळ वेळा गेलेली असते ती मागच्या चिमटीनेच निर्माण केलेली अस्वस्थता.

बांधणारे द्रव्य आणि मारणारी द्रव्ये

कर्करोगास कारण होणारी द्रव्ये मात्र मुख्यतः निराळी आहेत. तंबाखू सुकवताना, मुरवताना व साठवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात. चिमूट रोज एकाच जागी ठेवली गेल्याने तेथील त्वचेवर त्यांचा सतत मारा होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू मानवात कर्करोग उत्पन्न करते असा निर्वाळा दिला आहे. तंबाखू नसलेल्या सुपारीविषयीही तिचा निष्कर्ष तोच आहे. म्हणून तंबाखू सोडून सुपारी धरणे ही सुटका नव्हे. सुपारीमुळे गालाची त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कठीण होणारा विकार जडतो, आणि तो सहसा पूर्णपणे मागे फिरत नाही.

निकोटिन स्वतः कर्करोगकारक म्हणून गणले गेलेले नाही; परंतु ते निर्दोषही नाही. त्याने नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, आणि कोवळ्या वयातील मेंदू सहज त्याच्या आहारी जातो. गर्भवतीने तर तंबाखूपासून दूरच राहावे. मुंबईतील स्त्रियांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

तेव्हा हिशेब असा मांडावा लागतो. एका पारड्यात निकोटिन आणि त्याच्यासोबत नायट्रोसामाइन, तेही वर्षानुवर्षे. दुसऱ्या पारड्यात केवळ निकोटिन, मोजलेल्या मात्रेत आणि काही आठवड्यांपुरते. दुसरे पारडे रिकामे नाही, पण पुष्कळच हलके आहे.

सोडण्याचा मार्ग

प्रथम एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी तंबाखू व चुन्याची डबी घराबाहेर टाकावी. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, झोपमोड, कामात लक्ष न लागणे ही लक्षणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची एक लाट बहुधा काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवावी, जागा बदलावी. ज्या सोबत्याबरोबर तंबाखू मळली जाई, त्यालाच आपला निश्चय सांगावा.

गम साध्या गमप्रमाणे चघळत राहू नये. तोंडात झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावावा, मग गाल व हिरडी यांमध्ये ठेवावा, आणि चव कमी होताच पुन्हा चावावा. चहा-कॉफी व आंबट पेये त्याआधी पाव तास आणि गम तोंडात असेपर्यंत टाळावीत, कारण आम्लतेमुळे निकोटिन शोषले जात नाही; जे काम चुना करतो, त्याच्या नेमके उलट. हृदयरोग्यांनी व गर्भवतींनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना गम घेऊ नये, आणि तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. तंबाखू चघळणाऱ्यांच्या बाबतीत गमचा पुरावा धूम्रपान करणाऱ्यांइतका भक्कम नाही. म्हणून गम हा आधार समजावा, समुपदेशनाचा पर्याय नव्हे. त्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो.

तोंडाची पाहणी

आरशासमोर उजेडात महिन्यातून एकदा ओठ, गाल, हिरड्या व जीभ पाहावी. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, अथवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास वेदना होण्याची वाट न पाहता दंतवैद्यास दाखवावे. आरंभीचा कर्करोग बहुधा दुखत नाही, आणि त्याच अवस्थेत तो बरा होण्याची शक्यता सर्वाधिक असते. तंबाखू सोडल्यावर पांढरे चट्टे कित्येकदा मावळतात.

गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये व पश्चिम बंगालने २०१३ मध्ये बंदी घातली. परंतु सुपारी व तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या विकत घेऊन हातावर मिसळण्याची वाट माणसाने शोधून काढली. कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. तळहातावरील चिमटीपर्यंत मात्र ज्याचे त्यालाच पोहोचावे लागते. एकदा सोडून पुन्हा धरली, तरी तो प्रयत्न वाया गेला असे नव्हे. अनेकांना ती कायमची सोडण्यापूर्वी एकाहून अधिक वेळा सोडावी लागली आहे.