पाण्याचा मीटर : बचत कोणाची आणि केव्हा?

घरात पाण्याचा मीटर बसवला की पाण्याचे बिल आपोआप उतरते, ही समजूत शहरी सोसायट्यांमध्ये इतकी रुजली आहे की, सर्वसाधारण सभेपुढे मीटरचा ठराव येतो तेव्हा चर्चा बहुधा कोणत्या कंपनीचा मीटर घ्यावा एवढ्यापुरतीच उरते. वास्तविक मीटर हे केवळ मोजण्याचे साधन आहे. मोजलेल्या पाण्यावर पैसे आकारले जात असतील आणि त्या पाण्याचा दर घरखर्चात जाणवण्याइतका असेल, तरच मोजणीतून बचत निघते. या दोन अटी पारखून न घेता मीटरवर खर्च करणाऱ्या रहिवाशांच्या वाट्याला अपेक्षाभंग आणि शेजाऱ्यांशी वितुष्ट येण्याचा धोका मोठा असल्यामुळे, ठराव मंजूर होण्यापूर्वीच हा विषय मुळापासून समजून घेणे गरजेचे आहे.

पहिली अट आकारणीच्या पद्धतीची. पुण्यात निवासी मिळकतींची पाणीपट्टी दीर्घकाळ मिळकतकराच्या बिलातच, मिळकतीच्या करपात्र मूल्याच्या टप्प्यांनुसार आकारली जात आली आहे. करपात्र मूल्य म्हणजे ती मिळकत भाड्याने दिल्यास वर्षाला किती उत्पन्न देईल याच्या अंदाजावरून कर आकारणीसाठी ठरवलेली रक्कम. अशा पद्धतीत कुटुंबाने पाणी निम्मे वापरले काय किंवा दुप्पट वापरले काय, महापालिकेच्या बिलात एका रुपयाचाही फरक पडत नाही, मग घरात कितीही अचूक मीटर असो. समान पाणीपुरवठा योजनेत पुण्यातील नळजोडांवर दूरवाचनाचे मीटर बसवण्यात आले, पण मीटर बसणे आणि त्यावर बिल निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईत मात्र इमारतीच्या जोडणीवर मीटर असतो, आकारणी दर हजार लिटरमागे होते आणि माणशी वापर ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास चढे दर लागतात. तेथे वापर आणि बिल यांचा थेट संबंध आहे. तथापि तो मीटर संपूर्ण इमारतीचा असतो, हे विसरता कामा नये. सदनिकेत बसवलेला मीटर महापालिकेच्या हिशेबात कोठेच येत नाही. इमारतीचे एकच बिल रहिवाशांत कसे वाटायचे, एवढाच प्रश्न तो सोडवतो.

दुसरी अट दराची, आणि सारे गणित खरे तर येथेच ठरते. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांसाठी भारतात माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. त्यानुसार चौघांच्या कुटुंबाला महिन्याला १६,२०० लिटर पाणी लागते. मुंबईत घरगुती पाण्याचा मूळ दर हजार लिटरमागे एकअंकी रुपयांत राहिला आहे. तो समजा ६ रुपये धरला, तर या कुटुंबाच्या वाट्याचे पाणी महिन्याला शंभर रुपयांच्या आतच पडते, आणि मीटरच्या धाकाने वापर पाचव्या हिश्श्याने घटला तरी वाचणारी रक्कम वीस रुपयांपर्यंतही पोहोचत नाही. मलनिःसारण आकार मिळवला तरी ती चाळिशीच्या आत राहते. आता हेच कुटुंब टँकरवर विसंबून असलेल्या उपनगरातील आहे आणि १०,००० लिटरच्या टँकरला १,५०० रुपये पडतात असे समजू. हजार लिटरची किंमत १५० रुपये होते, त्याच पाचव्या हिश्श्याच्या काटकसरीतून महिन्याला ४८६ रुपये वाचतात, आणि सदनिकेमागे मीटर व जोडणी यांवर ६,००० रुपये खर्च झाला असेल तर तो साधारण वर्षभरात भरून निघतो. पहिल्या उदाहरणात मात्र तेवढ्याच खर्चाची भरपाई होण्यापूर्वीच मीटर झिजून बदलण्याची वेळ येईल. दोन्ही घरांतील माणसे, सवयी आणि वाचवलेले पाणी सारखेच असूनही निष्कर्ष इतका उलटा येतो, यावरून मीटर लाभदायक की तोट्याचा या प्रश्नाला सरसकट उत्तर देणाऱ्या विक्रेत्यावर किती विश्वास ठेवावा हे ज्याने त्याने ठरवावे.

टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीतही घाई केल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण पुणे परिसरातील एका गृहनिर्माण संस्थेत आढळते. महापालिकेचे अपुरे पाणी आणि टँकरचे पाणी तेथे जमिनीखालच्या हौदात एकत्र साठवले जाई, पंपाने गच्चीवरील टाक्यांत चढवले जाई आणि मग सदनिकांना मिळे. टँकरचा खर्च डोईजड झाल्यावर प्रत्येक सदनिकेत मीटर बसवण्यात आले. पण हौदात पडणारे पाणी मोजण्याची कोणतीही व्यवस्था केली गेली नाही. पहिल्याच बिलाच्या वेळी सर्व सदनिकांच्या वाचनांची बेरीज आणि विकत घेतलेले पाणी यांत मोठी तफावत निघाली, आणि टँकरवाल्याचे पैसे तर भागवायचेच असल्याने कार्यकारिणीने ती तफावत वापराच्या प्रमाणात सर्वांच्या बिलांत चढवली. ज्या वृद्ध दांपत्यांनी वापर कसोशीने कमी केला होता, त्यांनाही अशा रीतीने न वापरलेल्या पाण्याचे पैसे मोजावे लागले आणि मीटरच खोटे आहेत असा बोभाटा झाला. हौदाच्या भिंतीतून होणारा पाझर आणि गच्चीवरील टाकीचा बिघडलेला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरताच तरंगत्या गोळ्याच्या साहाय्याने पाणी बंद करणारी झडप, ही खरी कारणे पुष्कळ उशिरा सापडली. दोन्ही ठिकाणचे पाणी सदनिकांच्या मीटरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाया जात होते. सदनिकांतील मीटर ते दाखवूच शकत नव्हते. दुरुस्तीला मीटरच्या तुलनेत किरकोळ खर्च आला आणि टँकरची संख्या प्रामुख्याने त्या दुरुस्तीमुळे घटली.

मीटरच्या अंगच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. घरगुती वापराच्या यांत्रिक मीटरसाठी भारतात आयएस ७७९ हे मानक असून, त्यात अचूकतेनुसार मीटरचे वर्ग केलेले आहेत. घरोघरी दिसणाऱ्या १५ मिलिमीटर व्यासाच्या ‘बी’ वर्गातील मीटरची किमान प्रवाहमर्यादा सामान्यतः ताशी ३० लिटर असते. या मर्यादेपासून ताशी १२० लिटरपर्यंत पाच टक्के आणि त्यावरील प्रवाहाला दोन टक्के चूक ग्राह्य धरली जाते. ताशी ३० लिटरच्या खाली मीटर फिरेलच याची हमी नसते. शौचालयातील फ्लशची टाकी ताशी १० लिटर गळत असेल, तर दिवसाला २४० लिटर, म्हणजे जवळजवळ दोन माणसांच्या वाट्याचे पाणी निमूटपणे वाहून जाते आणि तरीही त्या सदनिकेचा मीटर ते पूर्णपणे नोंदवील असे नाही. उलट, जेथे पाणी दिवसातून एक-दोन तासच येते अशा थेट नळजोडावर वाहिनीत साठलेली हवा पाण्याच्या आधी बाहेर पडताना मीटरचे चक्र फिरवते आणि न मिळालेल्या पाण्याची नोंद होते. म्हणूनच मीटरची पारख घरीच करून पाहणे हिताचे ठरते : मापाची खात्री असलेले २० लिटरचे भांडे एकदा बारीक धारेने, एकदा मध्यम आणि एकदा मोठ्या धारेने भरावे आणि प्रत्येक वेळी मीटरवरील फरक ताडून पाहावा.

जुन्या इमारतींत आणखी एक अडचण असते, जी अंदाजपत्रकात बहुधा दिसत नाही. नळकारागीर ज्यांना डाउनटेक म्हणतात त्या गच्चीवरील टाकीतून उतरणाऱ्या उभ्या वाहिन्या स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांसाठी वेगवेगळ्या असतात, त्यामुळे एका सदनिकेला एक मीटर पुरत नाही. तीन, चार, क्वचित त्याहूनही अधिक लागतात. एखाद्या वाहिनीवर मीटर बसवायचा राहिला, तर साऱ्या मोजणीला अर्थ उरत नाही. शिवाय पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळत असल्याने, टाकीच्या जेमतेम तीन मीटर खाली असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर मुळात दाब थोडा असतो आणि मीटरमुळे होणारी घट तेथेच सर्वाधिक जाणवते. वरच्या मजल्यावरील रहिवाशांचा विरोध यामुळे अनेकदा रास्त असतो. त्याकडे आडमुठेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे आहे.

वाटणीच्या न्यायाचा प्रश्न याहून नाजूक आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतील नळजोडांची एकूण संख्या आणि आकार यांवरून वाटला जातो. मोठ्या सदनिकेत एकट्याने राहणाऱ्या व्यक्तीला ही पद्धत जाचते आणि लहान सदनिकेतील मोठ्या कुटुंबाला ती सोयीची असते. मीटर आल्यावर हे पारडे नेमके उलटते. इमारतीचे एकूण बिल तेवढेच राहिले, तर एकाची बचत ही दुसऱ्यावरील वाढीव बोजाच असते. हा बदल न्याय्य आहे असे मानायला जागा आहे, कारण वापरील त्याने भरावे हे तत्त्व वाजवी आहे; परंतु त्याला काटकसर म्हणणे चुकीचे असून, सभेत हा फरक उघडपणे सांगितला गेला पाहिजे. ठराव संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींशी विसंगत असेल, तर उपविधी दुरुस्त करून निबंधकांकडे ती दुरुस्ती नोंदवून घ्यावी लागते, अन्यथा नाराज सभासदाच्या एका तक्रारीवर सारी व्यवस्था अडते.

यावरून कामाचा क्रम ठरतो. सर्वप्रथम महापालिकेच्या जोडणीवर आणि टँकर रिकामा होतो त्या नळीवर मीटर असावा. टँकर खरोखर भरून येतो की नाही हेही त्यातूनच कळते. मग रात्री पंप आणि हौदात येणारे पाणी बंद ठेवून हौदाच्या व गच्चीवरील टाक्यांच्या पातळ्या झोपेच्या वेळी आणि पहाटे नोंदवाव्यात. कोणी फारसे पाणी वापरत नसताना पातळी उतरली, तर गळती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून, फ्लश न करता काही वेळाने भांड्यात रंग उतरतो का, ही तपासणी प्रत्येक घराला फुकटात करता येते. एवढे झाल्यावरही पाण्यावरचा खर्च जड वाटत असेल, तरच सदनिकांच्या मीटरचा विचार योग्य ठरतो. त्यावेळीही टाक्यांची स्वच्छता आणि दुरुस्ती हे वापरानुसार न बदलणारे खर्च स्थिर आकारात ठेवून, केवळ विकत घेतलेल्या पाण्याचा भाग मीटरवर लावावा, आणि मुख्य मीटर व सदनिकांची बेरीज यांतील तफावत वापरावर न चढवता संस्थेच्या सामाईक खर्चात वेगळी दाखवावी, म्हणजे ती कमी करण्याची जबाबदारी कार्यकारिणीवर राहते.

इंग्लंड व वेल्समध्ये मीटर नसलेल्या घरांचे पाण्याचे बिल जुन्या करपात्र मूल्यावर निघते आणि मागणी करणाऱ्या कुटुंबाला शक्य तेथे मोफत मीटर बसवून मिळतो; तेथील दोन तरतुदी आपल्या संस्थांनी अवश्य विचारात घ्याव्यात. एक म्हणजे, स्वेच्छेने मीटर घेतलेल्या कुटुंबाला साधारणपणे पहिल्या दोन वर्षांत जुन्या आकारणीकडे परतता येते. दुसरी म्हणजे, शासकीय साहाय्यावर असलेल्या ज्या मीटरधारक कुटुंबात मुले अधिक आहेत किंवा आजारपणामुळे पाणी जास्त लागते, त्यांच्या बिलाला कमाल मर्यादा घातली जाते. सोसायटीतही सुरुवातीच्या दोन-तीन बिलांत मीटरवरील वापर नुसता छापून द्यावा आणि आकारणी जुन्याच पद्धतीने करावी; प्रत्येक घराला आपले बिल किती चढेल वा उतरेल हे त्यातून आधीच कळते आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या घरासाठी किती सवलत ठेवावी, हे प्रत्यक्ष आकडे समोर ठेवून सभेला ठरवता येते.