यंत्र चिखल तोलत नाही

पोरी, गावची जलसुरक्षक झालीस, बरं झालं. टर्बिडिटी मीटरचा आकडा मात्र डोळे झाकून वहीत उतरवू नकोस. ते यंत्र चिखल तोलत नाही. कुपीत उजेड सोडतं आणि कणांवर आपटून काटकोनात किती उजेड फुटला, तेवढंच बघतं. म्हणून आधी कण कसला ते बघायचं.

मिरचीच्या वाडीतली चिकणमाती आणि नदीची रेती सारख्या वजनाची घे, दोन बाटल्यांत सारख्याच पाण्यात घाल. मातीचा आकडा कितीतरी वर जाईल. तिचे कण २ मायक्रॉनपेक्षा बारीक, तेवढ्याच वजनात अगणित, आणि सगळे उजेड उधळणारे. रेतीचे कण मोजके, शिवाय आकडा बघेपर्यंत तळाशी बसतात. सूर्या नदीच्या पहिल्या लोंढ्यात रेती कितीही येऊ दे, यंत्राच्या ती खिजगणतीत नसते. गाळ किती मिलिग्रॅम ते हवं तर पाणी गाळून, वाळवून, तोलायलाच लागतं. यंत्राच्या आकड्याला, म्हणजे एनटीयूला, अमुकने गुणा म्हणून सांगणारे भेटतील. त्यांचा गुणाकार त्यांच्याच नदीपुरता, तोही त्या हंगामापुरता.

रंगाकडे लक्ष ठेव. डहाणूच्या वीजकेंद्रात जळतो तसल्या कोळशाची पूड पाण्यात असली तर ती उजेड गिळते. पाणी डोळ्याला काळं, आकडा बेताचा. फार गढूळ पाण्यात कणच एकमेकांचा उजेड अडवतात, मग काही यंत्रांवर आकडा चढायच्या ऐवजी उतरतो. संशय आला की गाळलेल्या स्वच्छ पाण्याने पातळ कर, मोज आणि तेवढ्या पटीने वाढव.

बाटली खळखळून हलवू नकोस, बुडबुडेही यंत्राला कणच वाटतात. हळूच उलटीपालटी कर. पावसाळ्यात गार नमुन्याच्या कुपीवर दव धरतं, बोटांचे ठसेही उमटतात. मऊ फडक्याने पुसल्याशिवाय कुपी आत घालायची नाही.

प्रयोगशाळेचा आकडा तुझ्याशी जुळला नाही तर भांडू नकोस. एक यंत्र पांढऱ्या दिव्याचं, दुसरं ८६० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडचं. दोन्ही फॉर्माझिनच्या एकाच प्रमाण मिश्रणावर लावलेली असली तरी नदीच्या पाण्यात वेगळं बोलतात, रंगीत पाण्यात तर हमखास. आकड्याशेजारी यंत्र कोणतं ते लिही.

पिण्याच्या पाण्याला मर्यादा १ एनटीयू, दुसरी सोयच नसेल तर ५. आकडा १ च्या आत आला म्हणून जंतू नाहीत असं होत नाही. क्लोरीन वेगळा तपास, आणि तो नमुना टाकीखालच्या नळाचा नको, लाइनच्या शेवटच्या घरातला घे.