खाडीकाठचे वृक्ष

मुंबईच्या उपनगरांना दोन्ही बाजूंनी खाडीचे पाणी भिडलेले आहे. पूर्वेस मुलुंड, भांडुप, विक्रोळी व घाटकोपर यांच्या पलीकडे ठाण्याची खाडी पसरली आहे. पश्चिमेस अंधेरीच्या बाजूला वर्सोवा-मालाडची आणि बोरिवलीच्या बाजूला मनोरी-गोराईची खाडी आहे. या खाड्यांच्या काठाने हिरव्या झाडीचा एक पट्टा लांबवर गेलेला दिसतो. भरतीच्या वेळी ही झाडे कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात, तर ओहोटी लागली की त्यांच्या पायांशी काळाभोर चिखल उघडा पडतो. या झाडीला कोणी खारफुटी म्हणतात, कोणी कांदळवन म्हणतात, तर कोणी 'तिवरांचे रान' म्हणतात.

दुरून पाहणाऱ्यास हे सारे रान एकाच झाडाचे वाटते. वस्तुतः त्यात अनेक जातींचे वृक्ष व झुडपे आहेत आणि प्रत्येकाची ठेवण निराळी आहे. गर्दीत सगळी माणसे सारखी दिसतात. पण एकदा नाव कळले, चेहरा लक्षात राहिला, म्हणजे त्याच गर्दीतील माणूस आपल्या ओळखीचा होतो. झाडांचेही तसेच आहे.

ही झाडे ओळखण्यापूर्वी त्यांच्यापुढील अडचणी समजून घेतल्या पाहिजेत. आंबा, वड, चिंच यांसारख्या वृक्षांना खाडीच्या चिखलात लावले, तर ते फार दिवस जगणार नाहीत. याची कारणे मुख्यतः दोन. पहिले कारण, तेथील पाणी खारे असते. दुसरे कारण, तो चिखल इतका घट्ट व पाणथळ असतो की, त्यात हवेला शिरकावच नसतो; आणि मुळांना तर श्वासासाठी हवा हवी असते. खारफुटीच्या प्रत्येक जातीने या दोन अडचणींतून आपापल्या परीने मार्ग काढला आहे. तो मार्ग हीच त्या झाडाची ओळख होय. म्हणून खाडीकाठचे झाड ओळखताना प्रथम शेंड्याकडे न पाहता मुळांकडे पाहावे. त्यानंतर पान, फूल आणि फळ पाहावे.

मुंबईच्या खाड्यांत सर्वांत अधिक आढळणारा वृक्ष म्हणजे तिवर. याच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटाएवढी, पेन्सिलीसारखी सरळ टोके वर आलेली दिसतात. ही झाडाची श्वसनमुळे होत. जमिनीखाली आडव्या पसरलेल्या मुळांपासून ती वर निघतात आणि ओहोटीच्या वेळी हवा आत घेतात. एका मोठ्या झाडाभोवती अशी हजारो मुळे असू शकतात. तिवराचे पान वरून गर्द हिरवे असते, पण उलटून पाहिले तर खालची बाजू फिकट, राखाडी-पांढरी दिसते. मुळांवाटे आत आलेले जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. म्हणून कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. फुले लहान व पिवळसर नारिंगी असतात आणि त्यांवर मधमाश्यांची वर्दळ असते.

दुसरा वृक्ष कांदळ. साऱ्या रानाला 'कांदळवन' हे नाव याच्यावरून मिळाले असले, तरी मुंबईच्या परिसरात याची संख्या तिवरापेक्षा पुष्कळच कमी आहे. कांदळाला ओळखणे मात्र सर्वांत सोपे. याच्या खोडापासून कमानीसारखी वाकलेली मुळे चारी बाजूंनी चिखलात उतरलेली असतात. जणू झाड अनेक पायांवर उभे आहे! या आधारमुळांमुळे लाटांच्या माऱ्यातही ते ढळत नाही. पान जाड व चकचकीत असून त्याच्या टोकाशी सुईसारखा काटा असतो, आणि पानाच्या खालच्या अंगावर तपकिरी ठिपके असतात. कांदळ बहुतेक मीठ मुळांपाशीच अडवतो. याचे खरे नवल मात्र फळात आहे. फळातील बी झाडावर असतानाच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखा लांब, हिरवा कोंब खाली लोंबू लागतो. पुरता वाढल्यावर तो गळून पडतो. ओहोटी असेल तर तो तेथेच चिखलात रुतून उभा राहतो; भरती असेल तर तरंगत दूर जातो आणि योग्य जागा मिळताच मूळ धरतो.

तिसरा वृक्ष चिप्पी. याचीही श्वसनमुळे चिखलाबाहेर येतात. परंतु ती तिवराच्या मुळांसारखी बारीक नसतात. ती बुडाशी जाड व वर निमुळती, शंकूच्या आकाराची असतात. याच्या पांढऱ्या चिप्पी या जातीची फुले संध्याकाळनंतर उमलतात. पांढऱ्या पुंकेसरांचा दाट झुबका रात्री उमलतो आणि सकाळपर्यंत गळूनही जातो. म्हणून या फुलांना भेट देणारे पाहुणे म्हणजे वटवाघळे आणि रात्री उडणारे पतंग. फळ हिरवे, गोल व किंचित चपटे असून ते चांदणीच्या आकाराच्या बैठकीवर बसवल्यासारखे दिसते. महाराष्ट्र शासनाने २०२० साली या पांढऱ्या चिप्पीला राज्याचा खारफुटी वृक्ष म्हणून मान दिला.

चौथा वृक्ष गेवा. याला ना पेन्सिलीसारखी मुळे, ना कमानी. याची ओळख दोन गोष्टींनी पटते. गळण्यापूर्वी याची जुनी पाने लाल होतात, त्यामुळे हिरव्या रानात मधूनच तांबडा रंग डोकावतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. याचे पान किंवा डहाळी मोडली, की त्यातून दुधासारखा पांढरा चीक निघतो. हा चीक अंगाला लागल्यास आग होते आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टीला अपाय होतो. म्हणून गेव्याला दुरूनच पाहावे. ओळख पटवण्यासाठी त्याची डहाळी कधीही मोडू नये.

या चार वृक्षांच्या सोबतीला काही लहान मंडळीही आहेत. काजळा हे झुडूप पांढऱ्या, सुवासिक फुलांचे असून त्याची फळे लहानशा शिंगासारखी वाकडी असतात. मारंडी हे त्याहूनही खुजे झुडूप. त्याच्या पानांच्या कडांना काटे असतात आणि फुले निळसर जांभळी असतात.

यावरून ओळखण्याचा एक सोपा क्रम ठरवता येतो. मुळे कमानीसारखी असतील, तर कांदळ. चिखलातून वर आलेली मुळे पेन्सिलीसारखी असतील, तर तिवर; शंकूसारखी असतील, तर चिप्पी. अशी मुळे नसून पाने लाल होत असतील, तर गेवा असावा. फळ शिंगासारखे वाकडे असेल, तर काजळा. पानांना काटे व फुले जांभळी असतील, तर मारंडी. मात्र केवळ एका खुणेवर निकाल देऊ नये. निदान दोन खुणा जुळल्या, तरच नाव निश्चित करावे.

एवढी चिकित्सा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर या झाडांच्या कार्यात आहे. खारफुटीच्या मुळांच्या जाळ्यात कोळंबी, चिंबोऱ्या आणि अनेक जातींचे मासे लहानपणी आसरा घेतात व मोठे होऊन खाडीत व समुद्रात जातात. कोळी बांधवांच्या जाळ्यात येणारी मासळी या रानाच्या आधारानेच वाढलेली असते. ही मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि काठाची धूप थांबवतात. २००४ च्या डिसेंबरात सुनामीच्या प्रचंड लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या, तेव्हा पिचावरम येथील खारफुटीच्या मागे वसलेल्या वस्त्यांची हानी तुलनेने कमी झाली.

असे असूनही अनेक वर्षे या रानाला पडीक चिखल समजले गेले. तेथे भराव टाकण्यात आला, राडारोडा ओतण्यात आला. पुढे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरे पाण्याखाली गेली. त्या आपत्तीची कारणे अनेक होती. पाऊस अतोनात होता, समुद्राला भरती होती, नाले तुंबले होते. परंतु मिठी नदीचे पात्र आणि तिच्या काठची खारफुटी भरावाने आक्रसली होती, हेही त्यांतील एक कारण होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास मनाई केली. २०१२ साली या वनांच्या रक्षणासाठी शासनाने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१५ साली ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली या खाडीला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय महत्त्व लाभले.

तरीही प्रश्न संपलेला नाही. रस्ते, पूल व इतर कामांसाठी न्यायालयाच्या परवानगीने आजही काही ठिकाणी ही झाडे तोडली जातात आणि त्यांच्या बदल्यात अन्यत्र रोपे लावली जातात. येथेच झाडांच्या ओळखीचे मोल कळते. पांढरी चिप्पी पाण्याच्या अगदी कडेला वाढते. गेव्याला जमिनीकडची उंच बाजू मानवते. तिवर अतिशय खाऱ्या जागीही तग धरतो. जेथे चिप्पीची जागा आहे तेथे गेवा लावला, तर ते रोप जगत नाही आणि केलेले श्रम वाया जातात. झाडांची नावे ठाऊक नसलेल्या माणसाला 'झाडांच्या बदल्यात झाडे' एवढेच दिसते. ती ठाऊक असलेल्याला मात्र काय गेले व काय आले, हे नेमके सांगता येते.

जे आपल्याला ओळखता येत नाही, ते नाहीसे झाले तरी आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून खाडीकाठी राहणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्या या शेजाऱ्यांची नावे ठाऊक असावीत. ओहोटीच्या वेळी वडील माणसांच्या सोबतीने, चिखलात न उतरता, काठावरून त्यांचे निरीक्षण करावे. आपला पहिला परिचय बहुधा तिवराशीच होईल.

शब्दार्थ

ठेवण – रचना, घडण. शिरकाव – प्रवेश. निमुळती – टोकाकडे बारीक होत जाणारी. चिकित्सा – बारकाईने केलेला विचार. राडारोडा – बांधकामातील टाकाऊ माती-दगड. आक्रसणे – आखडणे, लहान होणे. अतोनात – फार मोठ्या प्रमाणात.

स्वाध्याय

१. खाडीच्या चिखलात आंबा, वड यांसारखे वृक्ष का जगत नाहीत?
२. तिवर व चिप्पी यांच्या श्वसनमुळांतील फरक सांगा.
३. कांदळाचे बी कसे रुजते, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. गेवा ओळखताना कोणती काळजी घ्यावी? का?
५. 'जे आपल्याला ओळखता येत नाही, ते नाहीसे झाले तरी आपल्या ध्यानात येत नाही.' या वाक्याचा अर्थ एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
६. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : मार्ग काढणे, तग धरणे, मूळ धरणे, वाया जाणे.
७. आपल्या शाळेच्या किंवा घराच्या परिसरातील कोणतीही तीन झाडे निवडा. प्रत्येकाचे खोड, पान, फूल व फळ पाहून त्याच्या दोन ओळखखुणा वहीत लिहा.